बाराची ओके

माझ्या सासूला सही करता येत नाही, ती अंगठा उठवते. पण एक इंग्रजी शब्द तिला येतो आणि तो ती माझ्यापेक्षा चांगला वापरते. मासळीची पाटी बघून अलिबागच्या रिक्षावाल्याने नाक मुरडलं की ती त्याच्याकडे बघत नुसतं "ओके" म्हणते, आणि तो मुकाट्याने खाली उतरून पाटी स्वतः उचलून आत ठेवतो. तीच सासू फोनवर नातीशी बोलताना शेवटी "ओके गो माझे बाय" म्हणते, तेव्हा त्यात नुसती माया असते. एवढासा शब्द, पण आमच्या आळीत त्याच्यावर सगळा कारभार चालतो. मासळीच्या व्यापाऱ्याची पहिली ओके म्हणजे ऐकतोय, दुसरी म्हणजे तू थापा मारतेस, आणि तिसरीला माल त्याच्या टेम्पोत. नळावर दोघी भांडत असतात, शेवटी एक जण "ओके!" म्हणून हंडा उचलते आणि चालू लागते. त्याचा अर्थ, आता शिमग्यापर्यंत बोलायचं नाही. डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकून "ओके" म्हणतो आणि काल रात्री मृत्युपत्राच्या गोष्टी करणारा माणूस दवाखान्यातून निघून थेट वडापावच्या गाडीवर जातो. माझी मुलगी पनवेलला शिकते. ती मला नुसतं 'के' पाठवते. माझं डोकं फिरतं. अगं, ओ लिहायला काय बोटं झिजतात?

मी या शब्दाबद्दल एवढी अधिकारवाणीने बोलते त्याला कारण आहे. आमच्या रेवदंड्याच्या घरात, खिडकीपाशी, वायरलेसचा सेट आहे. आमच्या आळीतल्या पाच बोटी एकत्र मासेमारीला जातात. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाइल मुका होतो, मग बोट आणि घर यांच्यामध्ये तेवढा हा सेटच उरतो. आधी सासरे त्याच्यासमोर बसायचे. त्यांना ऐकू येईनासं झालं तसं ते काम माझ्याकडे आलं. सकाळी सात, दुपारी बारा, मग तीन आणि सहा, अशी मी पाचही बोटींची हजेरी घेते. मी बटण दाबून म्हणायचं, "बोला." मग एकेका बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, आपली ओके द्यायचा. पाच ओके मिळाल्या की मी पाचही घरी सांगायची आणि बायका कामाला लागायच्या.

ओके देणं, ओके घेणं, असंच आम्ही म्हणतो. आणि मला त्याचा फार तोरा होता, हे आत्ताच सांगून टाकते. लांबवलेली ओके म्हणजे मासळी नाही. तुटक ओके म्हणजे हात जाळ्यात आहेत, डोकं खाऊ नकोस. "ओके हाय, हाय" असं दोनदा आलं की बोटीवर कुणाची तरी जुंपली आहे. मी नळावर बायकांना सांगायची, तुमच्या नवऱ्यांचं पोट बिघडलंय की मूड, ते मला त्यांच्या ओकेवरून कळतं. बायका हसायच्या. मी पण हसायची. खरं तर मला स्वतःचं फार कौतुक होतं.

आता इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. बोटी जोडीजोडीने असतात, पाचवी तेवढी एकटी. एकाचे हात गुंतलेले असले, किंवा तो झोपलेला असला, तर शेजारचा तांडेल त्याचीपण ओके देऊन टाकतो. "आमची ओके, त्याची ओके." दोघं एकमेकांच्या नजरेत असतात म्हणून ही सवलत. सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. माझा नवरा आणि त्याचा चुलत भाऊ अशी आमची जोडी. या चुलत भावाला मी भावजी म्हणते. कितीतरी वेळा भावजीच म्हणायचे, "आमची ओके, दादाची ओके," आणि मी पुढच्या बोटीकडे वळायची. नवऱ्याला वाट्टेल ते काम असू दे, बायकोला एक ओके द्यायला काय होतं, असं घरी आल्यावर मी म्हणायची. त्याचं उत्तर, "मिळाली ना? मग."

तो दिवस ऑक्टोबरमधला. परतीचा पाऊस जाता जाता कुठेतरी रेंगाळला होता. हवामानाचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर आला होता की संध्याकाळनंतर वारा वाढेल. बोटी पहाटे गेल्या, सहाच्या आत परत यायचं ठरवून. सातला पाचही जणांनी आपापल्या आवाजात ओके दिली. माझा नवरा तर खाकरून म्हणाला, "ओके, आनी पंपाचं बटन बंद कर, मी चालू ठेवून आयलू." सगळ्या आळीने ऐकलं. मी चिडून पंप बंद केला.

बाराला मी परत सेट लावला. "बोला." पहिल्या बोटीची ओके. दुसरीची ओके. मग भावजी. "आमची ओके, दादाची ओके." पाचवीची ओके. मी म्हटलं, "बरं, ओके," आणि सेट बंद केला, कारण तो तापतो आणि मग खरखरतो. मग मी घरोघरी सांगून आले आणि आरामात जेवले. सासूने तिखट जास्त झालं म्हणून कुरकुर केली, मी तिला म्हटलं, उद्यापासून तुमच्यासाठी दूधभात करते. अंगणात जवळ्याची बारीक मासळी वाळत घातली होती ती खालीवर केली. अर्धा तास आडवी पण झाले. त्या तीन तासांत मी काय काय केलं ते मला अजून ओळीने सांगता येतं.

अडीचच्या सुमाराला उजेड बदलला. जवळ्यावरून कावळे उठले. पश्चिमेकडे आभाळ खालून काळं झालं होतं आणि वारा एकदम थंड लागला. सहाच्या आधीच येतील आता, असं मनात म्हणत मी जवळा गोळा केला. तीन वाजले. मी सेटसमोर बसले.

"बोला."

पहिली ओके. दुसरी ओके, मागे इंजिनाचा आवाज, ती परतीला लागली होती. मग भावजी. "आमची ओके. आमी घरा येताव, वयनी, इकरं वारा लय हाय." आणि मग ते थांबले.

मी वाट पाहिली. मग विचारलं, "आनी दादाची?"

सेट नुसता खरखरला. मग भावजी म्हणाले, "दादा घरा नाय आयला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "घरी कशाला येतील? तुमच्या बाजूला हायत ना?"

"नाय गो वयनी. सकाळी सातची ओके झाल्यावर लगीच तो बोलला, हिते मासली नाय, मी वर जातू. तवापासून नजरंस नाय. मना वाटला घरा गेला."

"मग बाराला ओके कुनाची दिलीत?"

मी परत विचारलं. पाचवी बोट मध्येच काहीतरी बोलायला लागली, मी ओरडले, "चॅनल मोकला ठेवा!" मग भावजींचा आवाज आला, एवढासा. "दरवेळी देतू तशी दिली."

तुम्हाला वाटेल मला राग आला. राग नंतर आला, आणि भरपूर आला. त्या वेळी मी फक्त माइक तोंडाजवळ ओढला. मी नवऱ्याच्या बोटीला हाका मारायला लागले. एकदा, दोनदा, दहादा. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. सोडल्यावर जी खरखर येते ती मी इतकी वर्षं ऐकत होते. त्या दिवशी मला तिच्यात माणसाचे आवाज ऐकू येऊ लागले. एकदा तर मी सासूला म्हटलं, गप्प बसा, ते बोलतायत. सासू गप्पच होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "ओके हाय ना गो?"

मी म्हटलं, "ओके."

का म्हटलं ते मला विचारू नका. तोंडातून तोच शब्द निघाला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली आणि एक नारळ आणून तिने सेटवर ठेवला. तो घरंगळू नये म्हणून मी एका हाताने धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत राहिले. तेवढ्यात फोनवर मुलीचा मेसेज आला. पनवेलला वारा सुटलाय, बाबा आले का, ओके ना? तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी अंगठ्याने लिहिलं, ओके. तिने 'के' पाठवलं. मी त्या 'के'कडे बघितलं आणि फोन पालथा ठेवला. भावजींना ज्याच्यासाठी मी कच्चं खाल्लं असतं, तेच मी पाच मिनिटांत दोनदा केलं होतं.

मग मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस शांत होता, तरुण आवाजाचा. बोटीचा नंबर? सांगितला. "ओके." माणसं किती? चार. "ओके." रंग? निळा, वर पांढरा पट्टा. "ओके." प्रत्येक ओकेबरोबर पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "शेवटचा संपर्क किती वाजता?"

माझ्या तोंडावर 'बारा' आलं होतं. बारा म्हटलं असतं तर ते तीन तासांचं हरवणं झालं असतं. मी बाराला ओके घेतली होती, घरोघरी सांगितली होती. मी घेतली नव्हती असं कसं म्हणू? त्या एका क्षणात मला नवऱ्यापेक्षा स्वतःची लाज जास्त वाटली, हे मी आज कबूल करते. मग मी म्हटलं, "सात. सकाळी सात."

टाइप करणं थांबलं. "मॅडम, सातनंतर आत्ता कळवताय?"

"हो," मी म्हटलं.

या वेळी तो ओके म्हणाला नाही. सात ते तीन म्हणजे आठ तासांत बोट कुठल्या कुठे जाऊ शकते. बाराला कळलं असतं तर शोधायला सबंध दुपारचा उजेड हातात होता आणि समुद्रही बरा होता. आता वारा उठला होता आणि उजेड थोडा राहिला होता. भावजी बंदरात शिरलेच नाहीत, बाहेरच्या बाहेर बोट वळवून शोधायला गेले. त्यांच्या मागून आणखी दोन बोटी गेल्या. साडेपाचला लाटा एवढ्या चढल्या की त्यांना परत यावं लागलं. भावजी आमच्या अंगणात आले, नखशिखांत भिजलेले, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. आत या म्हणायला मी तयार नव्हते. सासूनेच त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि चहा हातात दिला. त्यांना तो पिता येईना.

रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरचा माणूस समुद्रात राहिलाय त्यांना ती ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना सांगून काही कळायचं नाही.

सकाळी सातला मी सेटसमोर होते. इतर चारही बोटी बंदरात होत्या, हजेरी घ्यायला कुणीच नव्हतं. तरी मी बटण दाबलं आणि म्हटलं, "बोला." उत्तर आलं नाही. मी पुढे काही म्हटलं नाही, नुसतं बटण सोडून ऐकत बसले. आठला फोन वाजला. अनोळखी नंबर. मुरूडच्या बाजूचा कुणी तांडेल होता, मागे इंजिन एवढं मोठ्याने चाललं होतं की तो ओरडूनच बोलत होता. "तुमची बोट आमच्या मागं बांधलीय. चौघं हायत. ओके हायत सगले."

मी म्हटलं, "ओके सांगू नको. त्यांना फोन दे."

"अवो बाई, ते मागच्या बोटीत..."

"मग माज्याशी बोलायचंच नाय. बोट थांबव आनी त्यांना फोन दे."

त्या भल्या माणसाने खरंच बोट थांबवली. मागची बोट जवळ ओढली, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरीने पलीकडे दिला, हे मला नंतर कळलं. मला फक्त वारा ऐकू येत होता. मग कुणीतरी खाकरलं. त्या खाकरण्यावरून मी ओळखलं. तो म्हणाला, "अगो, ओके हाय मी." मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. सासू मागून म्हणत होती, पोराला शिव्या कनाला देतंस, आणि रडत होती.

त्यानंतर आमच्या आळीत दुसऱ्याची ओके बंद झाली. मी बंद केली. हात जाळ्यात असोत नाहीतर तोंडात घास असो, ज्याची त्याने द्यायची, आपल्या तोंडाने. नाही दिली तर मी पाच मिनिटांत मदतीच्या नंबरवर फोन लावते. सुरुवातीला तांडेल कुरकुरले, वयनीने शाळा काढलीय म्हणाले. म्हणू देत. भावजी तर आता दोनदा ओके देतात, न विचारता. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्यांनी दिली तशी मी घेतलीही होती. त्यांचा आवाज ओळखूनच घेतली होती. एवढा माझा कान तयार, आणि नवऱ्याचा आवाज आला नाही हे काही त्या कानाला खटकलं नाही. मी त्यांना घरी बोलावून जेवायला घातलं. माफी कुणीच मागितली नाही.

नवरा मात्र त्या दिवसाबद्दल फारसं बोलायचा नाही. इंजिनाचा पट्टा तुटला, ते तापून बंद पडलं, वाऱ्याने दक्षिणेला नेलं, एवढं त्याने सगळ्यांना सांगितलं. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी तो अंगणात जाळं शिवत बसला होता. मी समोर बसून सुईत दोरा भरून देत होते. मी म्हटलं, इंजिन बंद पडल्यावर लगेच सेटवरून का नाही सांगितलंत?

तो जाळ्याकडे बघतच म्हणाला, "सांगत होतू. बॅटरी उतरलेली. तिच्यावर ऐकू येयाचा, पन बोललेला बाहेर जायाचा नाय."

"ऐकू येत होतं?"

"हां."

"बाराला?"

"बाराला तू बोला बोललीस. त्याने माजी ओके दिली. तू बरं, ओके बोललीस आनी सेट बंद केलास." त्याने एक गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. "मी बटन दाबून बोंबलत होतू. बोटीवर बाकीचे तिघं माज्या तोंडाकडं बघत होते."

माझ्या हातातली सुई कुठे पडली ते मला कळलं नाही. तिन्हीसांजेपर्यंत ती शोधत होतो आम्ही.

"मग?" मी विचारलं.

"मग कं? तू सेट बंद केलास तरी मी बोलत ऱ्हायलू. म्हटला, कुनाला ऐकू जात नाय, तर बोलून घेवू. लय येल बोलत बसलू तुज्याशी."

सेटवर सगळी आळी ऐकते म्हणून हा माणूस ओके आणि पाण्याचा पंप यांच्यापलीकडे माझ्याशी कधी काही बोलला नाही. घरीही फारसं बोलत नाही. मी विचारलं, "काय बोललात?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "आता कनाला? आता आयलू ना घरा."

मी रागावून विचारलं, लाडाने विचारलं, सासूकडून विचारून पाहिलं. बोटीवरच्या त्या तिघांनी सगळं ऐकलं आहे. त्यांना विचारलं की ते मान खाली घालून जाळं आवरायला लागतात. आता बोट बाहेर असली की बाराच्या हजेरीनंतर मी सेट बंद करत नाही. तापला तरी चालू ठेवते, आणि तो घरी येईपर्यंत त्याच्यासमोरून उठत नाही. त्या दुपारी तो काय म्हणाला, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.